एकट्यापुरतं किती शिजवायचं?

(सोसायटीचा ग्रुप, नावांच्या जागी घर क्रमांक. शुक्रवार रात्र)

ए-१०४: नमस्कार मंडळी. आमच्या डब्याच्या मावशी १ तारखेपासून कायमच्या गावी चालल्यात, त्यामुळे डबा बंद. दोन वेळचे महिन्याला ३,५०० देत होतो. रोज बाहेर खाणं परवडत नाही आणि पोटालाही झेपत नाही, म्हणून स्वतः करायचं ठरवलंय. मागे एकदा प्रयत्न केला होता. किलोभर वांगी, दोन जुड्या मेथी, एक अख्खा कोबी आणला आणि आठवड्याने निम्मं टाकून दिलं. फार वाईट वाटलं. एकट्या माणसाने भाजी किती आणायची, डाळ-तांदूळ किती लावायचे, कोणी नीट सांगेल का?

सी-५०१: माझाही हाच प्रश्न आहे. सौ. लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली आहे, तीन महिने तिकडेच. वरण-भात मला येतो, पण एकदा कुकर लावला की तेच दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत चालतं.

ए-७०२: काका, आमच्याकडे येत जा ना जेवायला. एका ताटाचं काय ओझं होणार आहे!

सी-५०१: वहिनी, रविवारी नक्की येईन. पण रोजचं मला जमायला हवं.

बी-३०२: दोघांनाही सांगते, जरा लांबेल.

हे गेल्यापासून सहा वर्षं मी एकटीपुरतं करतेय. त्यातले पहिले आठ महिने केलंच नाही. “एकटीसाठी कुठे कुकर लावायचा” म्हणायचं आणि चहा-खारीवर भागवायचं. हिमोग्लोबिन ८ वर आलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात जेवता काय? मला उत्तर देता येईना. त्या दिवशी घरी आले, एक मूठ तांदूळ आणि अर्धी मूठ मूगडाळ धुतली आणि छोट्या पातेलीत मऊ खिचडी केली. ताट घेतलं, पाट घेतला, बाजूला लिंबाची फोड ठेवली. तेव्हापासून “एकटीसाठी कशाला” हे वाक्य मी घरात उच्चारत नाही. तुम्हीही उच्चारू नका. बाकीचं सगळं शिकता येतं.

आता माप. चौघांच्या स्वयंपाकाला चाराने भागून एकट्याचा होत नाही. ५ लिटरचा कुकर नुसता तापायलाच गॅस जातो. आधी २ लिटरचा छोटा कुकर घ्या, एक छोटी लोखंडी कढई आणि तवा. भाताला अर्धी वाटी तांदूळ पुरतो, शिजून दीड वाटी होतो.

डाळ मात्र रोज शिजवू नका. एका वेळी एक वाटी तूरडाळ, हळद-हिंग घालून शिजवायची आणि घोटून ठेवायची. मीठ, फोडणी काही नाही. तिचे तीन भाग. पहिल्या दिवशी साधं वरण, वर तूप-लिंबू. दुसऱ्या दिवशी चिंच, गूळ, गोडा मसाला घालून आमटी. तिसऱ्या दिवशी वरणफळं. तीन दिवस तीन चवी आणि कुकर एकदाच. उरलेली डाळ गार झाली की लगेच फ्रीजमध्ये. लागेल तेवढीच बाहेर काढून उकळायची, सगळं भांडं रोज गरम करून परत आत ठेवायचं नाही.

ए-१०४: काकू, वरणफळं म्हणजे नक्की काय?

ए-७०२: अरे, आमच्याकडे चकोल्या म्हणतात. आमटीत शिजवलेले कणकेचे तुकडे. एका माणसासाठी त्यासारखं दुसरं काही नाही. पोळी, भाजी, आमटी वेगळं करायलाच नको.

बी-३०२: हो, तेच. घोटलेल्या डाळीत दोन वाट्या पाणी घालून पातळ करायची. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, चार पाकळ्या लसूण. तिखट, मीठ, आमसूल, गुळाचा खडा. पोळीच्या कणकेचा एक गोळा लाटून शंकरपाळ्यासारखा कापायचा आणि तुकडे उकळीत सोडायचे. दहा-बारा मिनिटांत शिजतात. वर तूप. गरमच खायचं.

बी-६०१: आहारतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते, ५०१च्या काकांसाठी विशेष. शिजलेला भात सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका. त्यात असे जंतू वाढतात की त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तास-दीड तासात पसरट डब्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा भात करून संपवा. त्यापुढे नको.

सी-५०१: हे मला ठाऊकच नव्हतं. आजचा भात ओट्यावरच आहे. टाकतो.

बी-६०१: हो काका, टाकाच. आणि उद्यापासून अर्धी वाटीच लावा.

डी-२०३: मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, घरून ठरावीकच पैसे येतात. गेलं वर्षभर हिशेब लिहून ठेवलाय. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या भावाने गेल्या महिन्याचा देते, ए-१०४ दादाला अंदाज येईल.
तांदूळ २ किलो १२०, ज्वारी २ किलो १००, कणीक ३ किलो १३५, तूरडाळ अर्धा किलो ७५, मूगडाळ अर्धा ६०, मसूर अर्धा ४५, मटकी पाव ३०, हरभरे पाव २५, शेंगदाणे अर्धा ७०, तेल १ लिटर १५०, गूळ अर्धा ३०, पोहे अर्धा ३०, रवा अर्धा २५. झाले ८९५.
दूध एक दिवसाआड अर्धा लिटर, ४५०. अंडी ३०, २१०. भाजी आठवड्याला १५०, म्हणजे ६००. एकूण २,१५५. गॅस, मसाले आणि दळण धरून २,५०० च्या आत राहते.

ए-१०४: बाप रे, हे मी छापून भिंतीवर लावतो. एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

बी-६०१: यादी खरंच चांगली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं रोजचं २,००० कॅलरींचं ताट आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. महिन्याचं धान्य होतं साडेसात किलो, तुझं आठ आहे. डाळी-कडधान्यं मात्र अडीच किलो हवीत, तुझी दोनच भरतात. अर्धा किलो मसूर वाढव, ४५ रुपयांत होईल. आणि हंगामाचं एक फळ घे, पेरू किंवा केळं. पैसे वाचवताना पहिली कात्री डाळीला आणि फळाला लागते, ती लावू नकोस.

डी-२०३: ताई, फळ खरंच राहतं माझं. उद्यापासून घेते.

ए-७०२: ज्वारीचं एक मी सांगते. मी सोलापूरची, लहानपणापासून भाकरीवरच वाढले. एकट्याने पाच किलो ज्वारी एकदम दळून आणायची नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना भाकरी कडेने चिरते, तव्यावर टाकेपर्यंत तुटते. मग माणसाला वाटतं आपल्याला भाकरी जमत नाही. दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. एका वेळी किलोभरच दळायचं. विरी गेलेलं पीठ टाकायचं नाही, उकळतं पाणी घालून मळलं की भाकरी होते. बाजरीचं पीठ तर त्याहून थोडं आणायचं, ते लवकर कडू होतं.

सी-५०१: वहिनी, गिरणीवाला किलोभर दळून देतो का?

ए-७०२: आपल्या मागच्या गल्लीतला देतो. सकाळी डबा ठेवून यायचं, संध्याकाळी आणायचा.

सचिव: सूचना. टाकीच्या सफाईसाठी उद्या शनिवारी सकाळी ११ ते ५ पाणी बंद राहील. कृपया पाणी भरून ठेवावे.

बी-३०२: बरं झालं कळलं. मग ए-१०४, आत्ताच उठ आणि अर्धी वाटी मटकी भरपूर पाण्यात भिजत घाल. सकाळी ११ च्या आत उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेव, वर झाकण. रविवारी सकाळी मोड येतील. अर्ध्या वाटीची चांगली दीड वाटी होईल. निम्म्याची उसळ कर, निम्मी मटकी फ्रीजमध्ये ठेव. ती मंगळवारी कांदा घालून परतायची आणि पोह्यांवर घ्यायची.

ए-१०४: भिजत घातली. आणि भाजीचं, काकू? माझं सगळं तिथेच वाया जातं.

बी-३०२: तुझं चुकतं कुठे सांगू? स्वस्त मिळतं म्हणून तू किलोने घेतोस. २० रुपये वाचतात आणि ४० ची भाजी कचऱ्यात जाते. एकट्याचं माप पावशेर. पावशेर वांगी, पावशेर भेंडी, पावशेर दोडका, एक काकडी, पावशेर लाल भोपळा. नासण्याच्या क्रमाने खायची. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी, दोडका, वांगी. कोबी, गाजर, भोपळा आठवड्याच्या शेवटी. आणि भाजी उरलीच नाही त्या दिवशी पिठलं. चार चमचे बेसन, एक कांदा, पंधरा मिनिटं. बेसन घरात असलं की कोणी उपाशी झोपत नाही.

कोथिंबीर आणली की धुऊ नको. पिवळी पानं काढून कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेव. काड्या फेकायच्या नाहीत, बारीक चिरून आमटीत.

जुडीचं मात्र एकट्याने काही करता येत नाही. मेथीची जुडी एकट्याला मोठीच. एक दिवस भाजी, दुसऱ्या दिवशी थालिपीठात, तरी चार काड्या सुकतातच. मला बरेच दिवस वाटतंय, आपल्या चार इमारतींत एकटे राहणारे किती आहेत! मी, डी-२०३, ए-१०४, सध्या ५०१चे भाऊ, तळमजल्यावरच्या आजी. सगळे वेगवेगळ्या जुड्या आणतो आणि सगळ्यांची निम्मी वाया जाते. रविवारी फाटकाशी भाजीवाला येतो तेव्हा एकानेच जुड्या घ्याव्यात आणि वाटून टाकाव्यात. मी घेते. शनिवारी रात्री आठपर्यंत कोणाला काय हवं ते इथे लिहा.

डी-२०३: काकू, फार छान होईल. माझी नेहमी शेपू वाया जाते. आवडते पण संपत नाही.

ए-७०२: आम्ही चौघं आहोत, पण तुमची अर्धी जुडी उरली तर मला द्या. पैसे पाठवेन.

सी-५०१: कोबीचा गड्डा असाच वाटता येईल का? मला पाव पुरतो.

बी-३०२: का नाही! पण कापलेला कोबी दोन-तीन दिवसांत संपवायचा, भाऊ.

(शनिवार रात्र)

ए-१०४: आज वरणफळं केली. चव चांगली आली, पण तुकडे एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला. मधला भाग कच्चा राहिला.

बी-३०२: सगळे एकदम टाकलेस ना? आणि आमटीला खळखळून उकळी नसणार. आच मोठी ठेवायची, एकेक तुकडा सुटा सोडायचा, चार टाकले की हलक्या हाताने ढवळायचं, मग पुढचे चार. कणीक घट्ट मळायची आणि लाटल्यावर वरून थोडं कोरडं पीठ भुरभुरायचं. आमटी आधीच जास्त पातळ ठेव, कणीक पाणी पिते. कच्चा राहिलेला भाग खाऊ नकोस, पुन्हा पाणी घालून उकळ.

ए-१०४: उकळून पुन्हा घेतलं, आता शिजलंय. ताट वाढून बसलोय, काकू. पाट नाही, पण चटई घेतली.

बी-३०२: तूप घेतलंस का वरून?

ए-१०४: तूप नाहीये घरात.

बी-३०२: वाटी घेऊन वर ये. दार उघडंच आहे.

सी-५०१: उद्याची यादी, आठ वाजत आले. मला पाव कोबी, अर्धी मेथी. आज अर्धी वाटी तांदूळ लावला, बरोबर संपला.

डी-२०३: अर्धी शेपू, अर्धी मेथी, आणि दोन पेरू मिळाले तर.

ए-१०४: पावशेर भेंडी, कोथिंबीर तिघांत एक. पिशव्या मी उचलतो काकू, साडेसातला फाटकाशी येतो.

बी-३०२: ये. तळमजल्यावरच्या आजींच्या मोबाइलवर ग्रुप नाही, त्यांना काय हवं ते खाली जाताना विचारून ये.