मदत हवी आहे: थंड खोलीत स्प्रे मारला की मॉडेलवर दाणे येतात

मंडळी, जरा अडलंय. माझी रंगवायची जागा म्हणजे गॅरेजचा कोपरा, आणि सध्या तिथलं तापमान ८-१० अंशांच्या वर जात नाही. १:७२ मापाचं (खऱ्याच्या ७२ पट लहान) मॉडेल विमान जोडलं, सांधे घासले, स्प्रेच्या डब्याने प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला आणि बघतो तर पंखावर संत्र्याच्या सालीसारखा थर! पॅनेलच्या रेषा (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचा) निम्म्या बुजल्या. बोट फिरवलं की पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं वाटतं.

कारण कळतंय. थंडीत डब्यातला दाब उतरतो, रंग घट्ट होतो, मग बारीक फवाऱ्याऐवजी जाड थेंब पडतात. म्हणून डबा १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवला. (उकळतं पाणी नाही हो, डब्यावरच ५० अंशांची ताकीद असते.) फवारा सुधारला, पण मॉडेल गारच होतं. वर मारलेल्या ग्लॉस लॅकरवर (चकाकी देणारा पारदर्शक थर) पांढुरकी झाक आली, बहुतेक ओलावा धरला.

तर मॉडेलही आधी घरात उबेला ठेवून फक्त फवारण्यापुरतं गॅरेजमध्ये न्यावं का? लगेच आत आणलं तर वासाचं काय? घरचे आधीच वैतागलेत. फवारताना हीटर लावायची हिंमत नाही, डब्यातला वायू पेट घेणारा.

एअरब्रश (हवेच्या दाबावर रंग फवारणारं पेनसारखं साधन) घेतला तर हा त्रास सुटेल, की तिथेही थंडी आडवी येईल? आणि ती पांढरी झाक घासूनच काढावी लागते, की उबेत आणखी एक पातळ हात मारला तर जाते? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर सांगा.