व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स: दुरुस्त करायचा की बूच मारून मोकळं व्हायचं?

पॉइंटगॅप (धागाकर्ता):
जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. डिस्ट्रिब्युटरचं (ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) व्हॅक्यूम युनिट, म्हणजे इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी डबी, गेलंय? नळी काढ, बूच मार, टायमिंग चार डिग्री पुढे घे (म्हणजे ठिणगी लवकर पाड), झालं काम. माझा याला साफ विरोध आहे.

थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) थोडाच उघडा असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, त्यात जळालेला वायूही उरलेला असतो. असं मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. वजनं आणि स्प्रिंगांवर चालणाऱ्या सेंट्रिफ्युगल अ‍ॅडव्हान्सला फक्त आरपीएम कळतात, लोड कळत नाही. ते काम व्हॅक्यूमच्या डबीतल्या डायफ्रॅमचं (पातळ पडद्याचं): थ्रॉटल कमी उघडा असला की व्हॅक्यूम वाढतो आणि त्याला ओढतो. बेस टायमिंग (मुळात लावलेलं टायमिंग) चार डिग्री वाढवलं की ती वाढ चढावर पूर्ण थ्रॉटललाही तशीच राहते, म्हणजे नको तिथे. आणि सपाट रस्त्यावर निवांत चालताना दहा-पंधरा डिग्री जास्तीच्या हव्या असतात, तिथे मिळतात चारच.

खडखडाट:
असहमत. फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळपास शून्यावर येतो, मग युनिट असलं काय नि नसलं काय. बॉशचा 009 डिस्ट्रिब्युटर बघा. फोक्सवॅगन बीटलवाल्यांनी सर्रास बसवला, त्यात व्हॅक्यूमची भानगडच नाही. एक हलता भाग कमी म्हणजे एक बिघाड कमी. शिवाय घरी डबी उघडून डायफ्रॅम बदलला तरी दुमडलेली कडा पुन्हा हवाबंद बसवणं हे येरागबाळ्याचं काम नोहे.

पॉइंटगॅप:
009 तुम्हीच काढलात ते बरं झालं. स्लोवरून (आयडलिंगवरून) अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर गचकते, ही त्याची जुनीच तक्रार आहे. आणि रस्त्यावर फुल थ्रॉटलला असता तरी किती वेळ?

कडेचा मुद्दा मान्य, ते काम नाजूक आहे. पण आधी युनिट खरंच गेलंय का ते बघा ना! इंजिन बंद, कॅप आणि रोटर काढा, नळी तोंडात धरून हवा ओढा आणि टोक जिभेने बंद करा. ब्रेकर प्लेट (पॉइंट बसवलेली, डबी जिला ओढते ती) सरकून तिथेच थांबली तर डायफ्रॅम शाबूत. सरकून हळूहळू परत आली तर गळती. जीभ घट्ट ओढली जातेय पण प्लेट हलत नाही, तर दोष डबीचा नाहीच, प्लेटच अडकलीय. तिथलं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. प्लेट सुटी करून धुवा, हलकं तेल द्या. अशा किती चांगल्या डब्या भंगारात गेल्या असतील देव जाणे. त्याच वेळी प्लेटची अर्थिंगची बारीक वायरही बघून घ्या. प्लेट मागेपुढे होऊन ती आतून तुटते, मिसफायर होतो आणि बोल लागतो व्हॅक्यूमला.

इंचपारा:
युनिट बदलणाऱ्यांनी आकडे वाचावेत. लुकास कंपनीच्या युनिटवर 5-17-8 असं काहीतरी ठोकलेलं असतं. 5 इंच पाऱ्याला (व्हॅक्यूम इंच पाऱ्यात मोजतात) हालचाल सुरू, 17 ला पूर्ण, आणि कमाल 8 डिग्री. या डिग्री डिस्ट्रिब्युटरच्या; तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर दुप्पट म्हणजे 16. "बसतंय ना भोकात" म्हणून दुसऱ्या इंजिनाचं युनिट लावलं की बोंब. काही युनिटांत नळीच्या तोंडातून अ‍ॅलन की घालून स्प्रिंगचा ताण बदलता येतो. त्याने अ‍ॅडव्हान्स कधी सुरू होणार ते बदलतं. एकूण किती मिळणार ते डबीच्या दांड्याच्या स्टॉपवर (अटकावावर) ठरतं.

आणि हो, नळी थ्रॉटलच्या वरच्या पोर्टला (कार्ब्युरेटरमधल्या भोकाला, जिथे स्लोला व्हॅक्यूम नसतो) न लावता थेट मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळाला) लावा. स्लोलाही अ‍ॅडव्हान्स मिळतो, इंजिन थंड राहतं. पोर्टचा व्हॅक्यूम हे प्रदूषणाच्या नियमांसाठी काढलेलं खूळ आहे.

खडखडाट:
हे मात्र ऐकून घेणार नाही. ते नियम यायच्या कितीतरी आधीपासून एसयू कार्ब्युरेटरच्या ब्रिटिश गाड्यांना पोर्टच होता. तुमच्या इंजिनात तापट कॅम (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा) असेल, स्लोला व्हॅक्यूम 10-12 इंचांतच नाचत असेल, तर मॅनिफोल्डवर ते 17 वालं युनिट अर्धवट ओढणार. व्हॅक्यूम पडला की टायमिंग मागे, टायमिंग मागे की आरपीएम खाली, आरपीएम खाली की व्हॅक्यूम आणखी पडला. सिग्नलच्या लाल दिव्याला स्लोवर सोडलीत की गाडी बंद.

इंचपारा:
मग मऊ स्प्रिंगचं युनिट घ्या, स्लोच्या व्हॅक्यूमपेक्षा दोनेक इंच आधीच पूर्ण ओढलं जाणारं. कंपनीने ज्या इंजिनाला पोर्ट दिलाय त्याला पोर्ट ठेवा, तिथे माझा हट्ट नाही.

खडखडाट:
आणि एवढं करून इंजिन ठोकायला (नॉकिंग करायला) लागलं तर?

पॉइंटगॅप:
कधी ठोकतं ते ऐका. चढावर पूर्ण दाबल्यावर ठोकत असेल तर बेस टायमिंग किंवा वजनांच्या स्प्रिंगा बघा, व्हॅक्यूम तेव्हा हजरच नसतो. हलक्या पायाने चालवताना ठोकत असेल तर व्हॅक्यूम जास्त होतोय. स्टॉप लावून दोन-दोन डिग्री कमी करत या. बेस टायमिंग बघताना नळी काढलेली आणि तिचं टोक बंद हवं. तुमचं ते बूच तेवढ्यापुरतं वापरायला माझी हरकत नाही.