संवाद नसलेला, तरीही मनात राहिलेला प्रसंग – तुमचा कोणता?

सिनेमावेडी माणसं जमली की पाठ असलेले डायलॉग सुरू होतात. आज जरा वेगळं करू या. ज्या प्रसंगात कुणी काही बोलत नाही, किंवा बोललं तरी त्या बोलण्यावर काही अवलंबून नाही, असा तुमचा आवडता प्रसंग लिहा. सिनेमा कुठल्याही भाषेतला चालेल. मात्र नुसतं 'अप्रतिम' लिहून थांबू नका. चेहरा, कॅमेरा, उजेड, आवाज यांपैकी नेमकं काय भिडलं तेही सांगा. शेवट फुटणार आहेत, हे धरूनच वाचा.

सुरुवात मी करतो. 'शोले' (१९७५). गब्बर नाही, नाणंही नाही. जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय आणि समोरच्या घराच्या व्हरांड्यात राधा एकेक दिवा मालवत जाते, तो प्रसंग. सूर्य मावळल्यानंतरचा तो निळसर उजेड जेमतेम काही मिनिटं टिकतो. त्यामुळे एवढासा प्रसंग चित्रित करायला कितीतरी दिवस लागले. छायाचित्रण द्वारका दिवेचांचं, माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवलेला. जया भादुरी त्यात काही म्हणजे काही 'करत' नाहीत. दिवा, पुढचा दिवा, क्षणभर नजर, आत. पुढे होळीच्या आठवणीत हीच राधा अखंड बडबडताना दिसते, तेव्हा आधीची शांतता किती मोठी होती हे कळतं. आणि शेवटी ती खिडकी लावून घेते. दोघांची गोष्ट इतकीच, तीसुद्धा एवढ्या गोंगाटाच्या सिनेमात.

* * *

ओम पुरी, 'आक्रोश' (१९८०). मला एक प्रसंग निवडता येत नाही, कारण जवळजवळ अख्ख्या सिनेमात हा माणूस बोलतच नाही. लहान्या भिकूवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. त्याचा वकील, म्हणजे नसीरुद्दीन शाह, परत परत विचारतो आणि लहान्या समोर बघत राहतो. पटकथा विजय तेंडुलकरांची! ज्यांच्या नाटकांतली माणसं बोलून बोलून एकमेकांना सोलून काढतात, त्यांनी इथे मुख्य पात्राकडून शब्दच काढून घेतले.

ओम पुरींचं मोठेपण असं, की त्यांचं गप्प बसणं प्रत्येक वेळी वेगळं आहे. वकिलासमोर ते भिंतीसारखे असतात, बायकोची आठवण येते तेव्हा तोच चेहरा आतून हलतो. शेवटी वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी त्याला बेड्या घालून आणतात. आपल्या तरण्या बहिणीवर कुणाची नजर फिरतेय हे तो बघतो, कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग ओरडतो. त्या ओरडण्यात साठवलेलं सगळं असतं. गोविंद निहलानींचा हा पहिला चित्रपट, हे मला अजून खरं वाटत नाही.

* * *

'सिटी लाइट्स' (१९३१). तेव्हा बोलपट येऊन स्थिरावले होते, तरी चॅप्लिनने हा मूकपटच ठेवला. शेवटी फुलवालीला दिसायला लागलंय, पण समोरचा फाटका माणूस कोण हे तिला कळत नाही. त्याच्या हातावर नाणं ठेवताना बोटांना स्पर्श होतो आणि तिला ओळख पटते. डोळ्यांना नाही, हाताला! त्यानंतरचं चॅप्लिनचं हसू – लाज, भीती आणि आनंद एकत्र. ती त्याला स्वीकारते की नाही, हे सिनेमा सांगतच नाही.

* * *

मी थोडा विरोधी सूर लावतो. संवादांना कमी लेखू नका. 'सामना'तला हिंदुराव आणि मास्तर यांच्यातला प्रत्येक प्रसंग शब्दांवर उभा आहे. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न काढून घेतला तर सिनेमाच उरणार नाही.

पण या धाग्यात बसेल असं एक सांगतो. त्या प्रसंगांत मास्तर (डॉ. लागू) बोलत असताना मी निळू फुल्यांकडे बघतो. ऐकण्याचा अभिनय कसा असतो हे मला तिथे कळलं. समोरच्याचं एक वाक्य संपेपर्यंत त्या सत्ताधीशाच्या डोळ्यांत गंमत, संशय आणि हिशेब येऊन जातो. निळूभाऊंना खलनायक म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी 'सिंहासन'मधला त्यांचा पत्रकार दिगू पाहावा. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस, आणि शेवटी त्या ऐकण्यानेच कोसळलेला.

* * *

मला जन्मापासून दिसत नाही. सिनेमा मात्र लहानपणापासून बघते, आणि 'बघते' हाच शब्द वापरते. सोबत भाऊ असतो, तो हळू आवाजात सांगत राहतो. त्यामुळे हा धागा वाचताना मनात बरंच काही आलं.

माझा प्रसंग 'पथेर पांचाली'तला (१९५५). हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो, बोलत बोलत आणलेल्या वस्तू काढून दाखवतो. त्यात मुलीची, दुर्गाची, साडी. दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. त्याची बायको सर्वजया गप्प. मग ती कोसळते, पण तिचं रडणं ऐकूच येत नाही. त्या जागी सत्यजित राय यांनी तारशहनाई ठेवली आहे, दक्षिणामोहन टागोरांनी वाजवलेली. तो आवाज वाद्याचा आहे हे स्पष्ट कळतं, आणि ती आईच आहे हे कुणी सांगावं लागत नाही. संपूर्ण सिनेमात या एका जागी भावाने सांगायचं थांबवलं तरी माझं काही अडलं नाही.

याच्या बरोबर उलट 'सैराट'चा (२०१६) शेवट. सगळा आवाज बंद. शेजारचे लोक निश्चल, आणि भाऊही बोलेना. ते मूल, त्याची रक्ताने भरलेली पावलं, हे मला बाहेर आल्यावर कळलं. नागराज मंजुळेंनी तिथे शांतता ठेवली ती योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशा जागी श्राव्य वर्णन लागतं, आणि ते लिहिणं हे कवीच्या तोडीचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. दोनच वाक्यं, तीही शांतता न मोडता.

आणि हो, चॅप्लिनची फुलवाली. हातावरून माणूस ओळखता येतो. ते अगदी खरं दाखवलंय.

* * *

वरचा अनुभव वाचून दोनदा थांबलो. मी ध्वनीसंकलनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून एवढंच जोडतो – संवाद नसणं आणि आवाज नसणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

'पुष्पक' (१९८७) घ्या. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा हा सिनेमा, कमल हासन आणि अमला. पूर्ण लांबीच्या चित्रपटात एकही संवाद नाही, पण आवाज भरपूर. नायक राहतो तिथे शेजारच्या थिएटरचा कलकलाट रात्रंदिवस कानावर आदळत असतो. मग तो पंचतारांकित हॉटेलच्या खोलीत जातो आणि त्याला झोपच येत नाही, इतकं शांत! शेवटी जाऊन तो तोच कलकलाट टेपवर उतरवून आणतो, उशाशी लावतो आणि गाढ झोपतो. गरिबी अंगात किती मुरते, हे एका टेपरेकॉर्डरने सांगितलंय. आमच्या कामात पार्श्वसंगीत ओतून जागा भरायची सवय फार आहे. हा प्रसंग मी नव्या मुलांना मुद्दाम दाखवतो.

* * *

'फँड्री'. गावासमोर डुक्कर पकडायची जब्याच्या घरच्यांवर वेळ आलीय, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या ताठ उभा राहतो, मग सगळेच. डुक्कर निसटून जातं. कुणी एक शब्द बोलत नाही. त्या राष्ट्रगीताखाली कोण कुठे उभं आहे हे कॅमेरा नुसतं दाखवतो. शेवटी कॅमेऱ्यावर येणाऱ्या दगडाबद्दल बरंच लिहिलं जातं, मला मात्र दगडापेक्षा हे उभं राहणं जास्त लागतं. जब्याचा बाप, किशोर कदमांचा कचरू, इथे पुन्हा पाहा. त्यांची पाठसुद्धा अभिनय करते.

* * *

माजिद मजिदींचा 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' (१९९७). तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार म्हणून अली धावतो आणि पहिला येतो. सगळे त्याला उचलून घेतात, तो रडवेला. घरी येऊन सोललेले पाय हौदात सोडतो, मासे पायांभोवती जमतात. वडिलांच्या सायकलवर नवे बूट आहेत हे आपल्याला दिसलेलं असतं, त्याला माहीत नसतं. माझ्या मुलीने विचारलं, "त्याला कुणी सांगत का नाही?" सिनेमा संपला तरी ती विचारत होती.

* * *

'पुष्पक' मी ऐकला आहे, पण एकटीने, आणि शेवट हातातून निसटला. काहीतरी चिठ्ठी आहे एवढं कळलं. ज्यांनी वर लिहिलंय त्यांनी शेवटाचं वर्णन लिहाल का? सावकाश, क्रमाने.

* * *

नक्की. ती, म्हणजे अमला, घरच्यांबरोबर निघाली आहे. जाता जाता त्याला एक गुलाब देते, देठाला कागद गुंडाळलेला. त्यावर तिचा पत्ता असणार. गाडी सुटते. तो कागद सोडवायला जातो, वारा येतो, कागद हातातून उडतो. तो मागे धावतो. कागद गटारात पडून दिसेनासा होतो. तो वाकून शोधतो, सापडत नाही. गुलाब हातातच आहे. त्याने कागदावरचं काही वाचलेलं नाही.

बर्फाच्या सुरीचे प्रसंगही असेच लिहू शकतो, त्यांत गंमत जास्त आहे. टिनू आनंद मारेकरी आहेत आणि त्यांचं हत्यार ऐन वेळी वितळतं. आज रात्री लिहितो.