तुरुंगात क्षमतेबाहेर गर्दी झाली तर सरकार स्वतःच्या अधिकारात कैदी सोडू शकतं का?

कलमकसाई:
२०२०मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्रातले बरेच कैदी बाहेर आले. ते नेमकं कोणत्या अधिकाराखाली? साथ वगैरे काही नसताना, निव्वळ गर्दी वाढली म्हणून गृह विभाग तसा आदेश काढू शकतो का? अमेरिकेत मिशिगन राज्यात असा खास कायदा होता म्हणे. आपल्याकडे त्या धर्तीचं काही आहे का?

बराक_क्र_७:
गर्दी झाली की आपोआप लागू होईल असं कलम आपल्याकडे नाही. गर्दीचा स्पष्ट उल्लेख आहे तो कारागृह अधिनियम, १८९४च्या कलम ७मध्ये. सोयीने किंवा सुरक्षितपणे ठेवता येणार नाहीत इतके कैदी झाले आणि जादा कैदी दुसऱ्या तुरुंगात हलवणंही सोयीचं नसेल, तर राज्य सरकार सांगेल त्या पद्धतीने तात्पुरता तुरुंग उभा करायचा. साथ आली तरी हेच कलम. म्हणजे अधिकार आहे तो जागा वाढवण्याचा, सोडण्याचा नाही.

हलवाहलवीतही मेख आहे. पक्का कैदी (शिक्षा झालेला) प्रशासन हलवू शकतं. कच्चा कैदी (खटला अजून चालू असलेला) मात्र न्यायालयाच्या कोठडीत असतो, त्यामुळे न्यायालयाची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केलंय.

आता २०२०. राज्याने ८ मे रोजी १९५९च्या फर्लो-पॅरोल (शिक्षा भोगताना मिळणारी सुट्टी) नियमांत १९(१)(क) हा पोटनियम घातला. साथरोग कायद्याखाली साथ जाहीर झाली की लागू होणारा हा आपत्कालीन पॅरोल. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्यांना तुरुंग अधीक्षकांनीच ४५ दिवस सोडायचं, पुढे ३०-३० दिवसांची वाढ. ७ वर्षांहून जास्त शिक्षा असेल तर आधीच्या दोन सुट्ट्यांवरून वेळेत परतलेला असावा. मोक्का (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (बेकायदा कारवाया), एनडीपीएस (अमली पदार्थ), पीएमएलए (मनी लाँडरिंग) यांसारखे विशेष कायदे, मोठे आर्थिक गुन्हे, परदेशी आणि परराज्यातले कैदी वगळलेले. सुटलेल्याने ३० दिवसांतून एकदा पोलीस ठाण्यात हजेरी लावायची.

यातली ‘दोन सुट्ट्यां’ची अट फार अडली. ज्याला कधी सुट्टी मिळालीच नाही, तो वेळेत परतल्याचा पुरावा कुठून आणणार? अशांना या अटीवर नाकारता येणार नाही, हे शेवटी मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मुचलका:
वरच्यात एक भर, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. पॅरोल पक्क्या कैद्यांचा. कच्चे कैदी त्या वेळी सुटले ते अंतरिम (तात्पुरत्या) जामिनावर. २३ मार्च २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्यात उच्चाधिकार समिती बसली, तिने निकष ठरवले. जामिनाचा आदेश न्यायालयाचाच.

मिशिगनशी तुलना इथेच कोसळते. तिथल्या १९८०च्या कायद्यात सलग ३० दिवस कैदीसंख्या क्षमतेपेक्षा जास्त राहिली की आणीबाणी जाहीर करायची आणि किमान शिक्षा ९० दिवसांनी कमी करायच्या. तेवढ्याने संख्या क्षमतेच्या ९५ टक्क्यांवर आली नाही तर आणखी ९०. हे जमतं, कारण त्या तुरुंगांत शिक्षा झालेलेच लोक असतात. आपल्याकडे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२च्या आकड्यांनुसार देशभर ४,३६,२६६ जागांत ५,७३,२२० कैदी आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे. त्यांना शिक्षाच झालेली नाही, तर सरकार कमी काय करणार? शिक्षेत सूट देण्याचे अधिकार (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४७३-४७४, राज्यपालांसाठी राज्यघटनेचा अनुच्छेद १६१) उरलेल्या चौथ्या हिश्श्यापुरतेच.

कलमकसाई:
मग कच्च्या कैद्यांसाठी हाताशी काय आहे? आणि आपत्कालीन पॅरोलचे दिवस शिक्षेत धरले जातात का?

बराक_क्र_७:
नाही, पॅरोलचे दिवस धरत नाहीत. फर्लोचे धरतात. म्हणून जन्मठेपेचे काही कैदी आपत्कालीन पॅरोल नको म्हणायचे, त्यात वेडेपणा काही नव्हता.

मुचलका:
नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आधी कधीच शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की बंधपत्रावर सुटका, इतरांना निम्म्यावर जामीन. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना लागू नाही. कमाल शिक्षा ७ वर्षं असेल तर आधी शिक्षा न झालेल्याचे २ वर्षं ४ महिने. संहिता लागू झाली १ जुलै २०२४ला, पण त्याआधीच्या खटल्यांनाही हे लागू आहे. अर्ज कैद्याने करायचा नाही, अधीक्षकांनी लेखी करायचा.

अडतं ते असं. कोठडीच्या वॉरंटवर एक कलम आणि दोषारोपपत्रात दुसरं, त्यामुळे मुदतीचा हिशेबच चुकतो. हिशेब वॉरंटवरून कधीच करू नका, दोषारोपपत्राची प्रत मागवून त्यातलं सर्वांत जड कलम पाहा. आरोपीमुळे लांबलेले दिवस वजा होतात. सगळ्यात वाईट पोटकलम (२): एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. एकाच गुन्हा नोंदीत (एफआयआर) चार कलमं असतात, मग ‘एकाहून जास्त गुन्हे’ म्हणजे काय, यावर न्यायालयात वाद घालावा लागतो.

आणि जामीन झाला तरी माणूस बाहेर येतोच असं नाही, कारण जामीनदार मिळत नाही. आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा) सचिवांना कळवायचं. २०२३च्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून कच्च्या कैद्याला आर्थिक मदत मिळू शकते (मूळ योजनेत मर्यादा ४०,००० रुपये होती). महिन्याभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं, पण ते न्यायालयापर्यंत पोचवायला कुणीतरी लागतं. प्राधिकरणाच्या वकिलाकडे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं तिथेच राहतं.