जेलमधल्यांना फुकट सायकॅट्रिस्ट, आणि आम्ही?

कोपरीकर_काका: काल इथे कोणीतरी लिहिलं की कैद्यांना मानसोपचार मिळणं हा हक्क आहे. डोकंच फिरलं. वागळे इस्टेटला माझ्या बायकोचं मंगळसूत्र खेचलं, पडली, मनगट मोडलं, वर्षभर एकटी रिक्षात बसत नव्हती. तिला कोणी विचारलं? मानसोपचाराच्या सिटिंगचे 1500 मी भरले. आणि खेचणाऱ्याला माझ्या टॅक्समधून डॉक्टर?

ऐरोलीची_ताई: काका, ती पोस्ट माझीच. काकूंचं ऐकून वाईट वाटलं, पण आता माझंही ऐका. भाऊ बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार, सोसायटीतल्या मारामारीत नाव आलं, 40 दिवस आत, कच्चा कैदी. त्यावरचं औषध लिथियम चालू होतं. मुलाकातीला गोळ्या नेल्या तर बाहेरचं औषध चालत नाही, आतल्या डॉक्टरला चिठ्ठी द्या, ते म्हणाले एस्कॉर्ट मिळाला की हॉस्पिटलला पाठवतो, आणि एस्कॉर्टवाले पोलीस बंदोबस्ताला. नऊ दिवस गोळी नाही. मग तीन रात्री हा आरत्या म्हणत जागा, बराकीतल्यांनी झोपमोड झाली म्हणून धुतला. तुमचा टॅक्स तिथे वाचला बघा. 2017चा मानसिक आरोग्य कायदा, कलम 103, राज्यात किमान एका जेलच्या दवाखान्यात मानसिक आरोग्याची सोय हवी म्हणतो. एका! तेवढ्यानेच तुमचं डोकं फिरलं?

वाशी_सेक्टर_17: सोप्पं आहे, सगळ्यांना ठाण्याला पाठवा हाहा

नौपाड्याचा_निल्या: हा जोक बंद करा राव. लहानपणी ठाण्याला राहतो म्हटलं की मामाकडची पोरं विचारायची, जेलमध्ये की मेंटलमध्ये? 1901 पासूनचं मेंटल हॉस्पिटल आहे ते, आणि आता त्याच्याच जमिनीवर नवीन रेल्वे स्टेशन.

वाशी_सेक्टर_17: स्टेशन पाहिजेच. सकाळी ठाण्याला फास्ट पकडून दाखव, मग बोल.

नौपाड्याचा_निल्या: मी 22 वर्षं पकडतोय, तू सीवूड्सला एसीत बसून शिकवू नको. मुद्दा जागेचा आहे, पेशंटची जागा कमी करायची आणि मग बेड नाहीत म्हणून रडायचं.

वाशी_सेक्टर_17: पडीक जागा होती. आणि सीवूड्स नाही, वाशी. नावातच आहे, वाचता येतं ना?

बेलापूरचा_वकील: स्टेशनचा धागा वेगळा काढा. काका, 2022च्या सरकारी आकड्यात देशातल्या 100 कैद्यांपैकी जवळपास 76 कच्चे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. आसामचा माचांग लालुंग खटल्याशिवाय 54 वर्षं अडकला, 2005ला सुटला, त्यातला काही काळ मनोरुग्णालयात. आणि उपचार म्हणजे सुटका नव्हे. वेडाचा बचाव, जुन्या दंडसंहितेत (आयपीसी) कलम 84, आता नव्या न्यायसंहितेत (बीएनएस) कलम 22, गुन्ह्याच्या क्षणी मन कसं होतं ते बघतो. उलट आरोपीचं डोकं ठिकाणावर नसेल तर खटलाच थांबतो, म्हणजे काकूंची केस लटकते.

कोपरीकर_काका: केस तशीही लटकलीच आहे, तारखा मोजणं सोडलं. बरं, चालू असलेली गोळी बंद करू नका, एवढं मान्य. ताईंच्या भावासाठी हं. पण जेलमध्ये ते योगा, संगीत, चित्रकला बिलकुल नाही.

ऐरोलीची_ताई: उपकार झाले. भाऊ सुटला तेव्हा रात्री गेटवर पिशवी दिली, त्यात चप्पल, बेल्ट. गोळ्यांची स्ट्रिप नाही, चिठ्ठी पण नाही. चित्रकलेचं कुठे काढता काका.

वाशी_सेक्टर_17: स्टेशन होणारच.