मदत हवी आहे: स्वित्झर्लंडमधल्या ल लॉकलचा झेनिथ कारखाना कुणी पाहिलाय का?

१८६५ साली जॉर्ज फाव्र-जाको यांनी सुरू केलेली ही घड्याळ कंपनी. १९६९मध्ये त्यांचं 'एल प्रिमेरो' आलं, तासाला ३६,००० ठोके देणारं स्वयंचलित क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेलं) यंत्र. पुढे बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळंच बंद करायला सांगितली. तेव्हा शार्ल व्हर्मो या कारागिराने साचे-अवजारं गुपचूप माळ्यावर लपवली, सगळं नीट टिपूनही ठेवलं. केवढी हिंमत! त्यामुळेच ऐंशीच्या दशकात उत्पादन पुन्हा सुरू झालं, आणि रोलेक्सनेही आपल्या डेटोना घड्याळासाठी हेच यंत्र घेतलं.

तो माळा बघायला मिळतो का? आधी नोंदणी लागते का? बाबांना न्यायचंय, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत त्यांनी. गुडघे दुखतात, तेव्हा जिने खूप आहेत का, तेही कृपया सांगा.