जेव्हीएमचे (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) मेमरीचे आकडेच चुकत असतील तर आधी तो बग दुरुस्त करायचा की थेट लीक (मेमरी घेऊन परत न देणारा कोड) शोधायचा?

अंबडकर: आमचं द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांसाठीचं सॉफ्टवेअर जावावर चालतं, कंटेनरला (प्रोग्रामला आखून दिलेला कप्पा) 2 जीबी लिमिट, हीप (जावाच्या ऑब्जेक्टची जागा) 1 जीबी, तरी ऐन सीझनमध्ये प्रोसेस 137 कोड देऊन मरते म्हणजे बहुधा मेमरी संपली म्हणून कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मारतोय, आणि हीप डंप (हीपमध्ये काय आहे त्याची नक्कल) बघावा तर स्वच्छ. अशा वेळी नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग म्हणजे एनएमटी, जेव्हीएम आपली मेमरी कशात गेली याचा ठेवतं तो हिशेब, हाच आधार असतो. म्हणून माझं मत, रनटाइममधले मोजणीचे बग क्रॅशच्या बगांइतकेच तातडीने दुरुस्त व्हायला हवेत. जावा 11 च्या आधी एनएमटीत थ्रेडचा (समांतर चालणाऱ्या कामाचा) स्टॅक, म्हणजे त्याची कामाची जागा, अख्खाच कमिटेड (वापरायला घेऊन ठेवलेला) दाखवायचे. 500 थ्रेड असले की प्रत्येकी 1 एमबी धरून 500 एमबी खाल्ली असं दिसायचं, खरं तर स्टॅकची जेवढी पानं वापरली तेवढीच रॅम जाते. मग लोक थ्रेड पूल कापत बसायचे आणि लीक भलतीकडेच. लासलगावला काटाच खोटा असला तर भावावरून भांडून काय मिळणार?

सिडकोवाला: नाही पटलं. माझ्यासाठी खरा आकडा एकच, ऑपरेटिंग सिस्टीमचा आरएसएस (प्रोसेसची प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी), कारण कर्नल मुख्यतः त्यावरूनच मारतो. एनएमटी चालू ठेवलं की 5 ते 10 टक्के परफॉर्मन्स जातो असं ओरॅकलच्याच डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय. आणि जेएनआयमधून (जावातून सी कोड बोलवायची सोय) आलेल्या बाहेरच्या सी लायब्ररीने मॅलॉक केलं, म्हणजे मेमरी मागितली, तर एनएमटीला ते दिसतच नाही. आमच्याकडे फुगवटा जीलिबसीच्या (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अरीनांचा, म्हणजे ती मॅलॉकसाठी राखते त्या मेमरीच्या साठ्यांचा, निघाला, 64 बिटवर कोअरच्या 8 पट अरीना होऊ शकतात, मॅलॉक अरीना मॅक्स 2 वर आणलं आणि आरएसएस उतरला. एनएमटीत याचा मागमूस नव्हता. मग त्यातले बग काढण्यात माणसं का गुंतवायची?

अंबडकर: अहो, मागमूस नव्हता हीच तर माहिती आहे! आरएसएस वाढतोय आणि एनएमटीची बेरीज जागेवर आहे, म्हणजे जेव्हीएमच्या हिशेबाबाहेर शोधा. पण ही वजाबाकी तेव्हाच करता येते जेव्हा एनएमटीची बाजू खरी असते.

सिडकोवाला: वजाबाकी इतकी सोपी नाही. कमिटेड म्हणजे रॅममध्ये आलेलं असं नसतं, हीप कमिट होऊन हात न लागता पडून राहू शकते, मग एनएमटी आरएसएसपेक्षा जास्तही दाखवेल.

अंबडकर: हे मान्य. म्हणून तपासताना जेव्हीएमचं ऑलवेज प्रीटच हे सेटिंग लावायचं, हीपची कमिट झालेली सगळी पानं कमिट होतानाच रॅममध्ये येतात आणि हीपपुरता तरी हा गोंधळ मिटतो.

गंगापूर रोड: हे बग येतात कुठून तेही बघा, "काउंटर नीट करा" म्हणणं सोपं आहे. मॅलॉकच्या प्रत्येक तुकड्याआधी एनएमटी 16 बाइटचं हेडर ठेवतं, त्यात साइज आणि कॅटेगरी, फ्री करताना तेच वाचून वजा करायचं. हा भाग त्यामानाने सरळ. खरी कटकट एममॅपची (ऑपरेटिंग सिस्टीमकडून मेमरीचा भाग थेट मागायची पद्धत). एका थ्रेडने भाग सोडला पण नोंद अजून खोडली नाही, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडला नेमका तोच पत्ता मिळाला आणि त्याने आपली नोंद केली, मग पहिला येऊन खोडतो ती दुसऱ्याची नोंद! म्हणून सोडणं आणि खोडणं दोन्ही एकाच लॉकखाली करावं लागतं, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या कोडने हा नियम पाळला नाही तर हिशेब गुपचूप बिघडतो, क्रॅश नाही, एरर नाही, काहीच नाही. असे बग वापरणाऱ्याने आकडा बघून शंका घेतल्याशिवाय सापडायचे नाहीत, त्यामुळे मी अंबडकरांच्या बाजूने.

सिडकोवाला: लॉकचा मुद्दा समजला, हे माझ्या डोक्यात नव्हतं. स्टेजिंगवर (चाचणीचा सर्व्हर) एनएमटी समरी मोडमध्ये, म्हणजे फक्त कॅटेगरीवार बेरजा, लावतो, सुरुवातीला बेसलाइन (तुलनेसाठी नोंद) घेऊन लोड टेस्टनंतर समरी डिफ, म्हणजे फरक, बघतो. पण प्रॉडक्शनला (कस्टमर वापरतो त्या सर्व्हरला) कायम चालू ठेवायला माझा विरोधच आहे, ऐन सीझनमध्ये तेवढा स्पीड घालवून कस्टमरला काय सांगू?

अंबडकर: स्टेजिंगवर तुमच्या सीझनचा लोड येतो का? आमच्याकडे नाही येत, म्हणून आम्ही समरी मोड प्रॉडक्शनलाच ठेवलाय. डिटेल (जास्त बारीक नोंदींचा) मोड मात्र तिथे नाही लावत.